ममताचं वजन

एकदा कोसळलेली ती रेघ पुन्हा कधीच खाली आली नव्हती. रूपाली स्क्रीनकडे बघत राहिली.

आजवर नंदुरबारच्या बालविकास कार्यालयात बालकांच्या वजनाचे जाड स्तंभ काढले जात. सगळी मुलं त्या सरासरीत विरघळून जायची. रूपालीने पहिल्यांदाच नवा आलेख केला होता. प्रत्येक मुलाची एक वेगळी, केसासारखी बारीक राखाडी रेघ. नवापूरकडच्या डोंगराळ भागातल्या एका अंगणवाडीचा गुंता तिने समोर उघडला होता. पावसाळ्यात रेघा खाली यायच्या. दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला गुजरातेत गेले की आणखी खाली. तिथे नावं नव्हती, नुसते क्रमांक होते. पण रेघा धापा टाकल्यासारख्या वरखाली होत होत्या.

आणि ती एक. आधी इतरांसारखीच वेडीवाकडी, मग एका पावसाळ्यात खोल खड्ड्यात गेलेली. तिथून वर आली ती थेट सरळ, गुळगुळीत. मागे आखलेल्या निरोगी वाढीच्या प्रमाणरेषेला चिकटून चालणारी. रूपालीने ती लाल केली.

तिचे साहेब हेमकांत मागे येऊन उभे राहिले. दोघेही शहाद्याकडचे, त्यामुळे खुर्चीच्या मागून ते अहिराणीतच बोलत. "हाई पोर कोणी शे? फोटो लई ये तिना. मिटिंगमा पहिले हाईच दखाडू." रूपालीने क्रमांक टिपून घेतला; त्या मुलीचा फोटो आणायचा, मिटिंगमध्ये तीच पहिली दाखवायची.

वजनाच्या दिवशी रूपाली त्या पाड्यावर पोचली तेव्हा ऊन चढलं होतं. अंगणवाडीच्या आढ्याला काटा टांगलेला होता, खाली कापडी झोळी. सेविका आशा एकेकाचं नाव पुकारत होती. गळ्यात बारीक क्रॉस, आवाज खणखणीत. पोरं झोळीत पाय झाडत, रडत. काटा थरथरायचा. आशा तो थांबेपर्यंत वाट बघायची आणि मगच आकडा लिहायची. दोन मुलांचं वजन घटलेलं निघालं. तिने तेही जसंच्या तसं लिहिलं, आयांना समोर बसवून समजावलं. रूपालीला ती आवडली.

तिने क्रमांक दाखवून विचारलं, "ही मुलगी आज येईल ना?"

"ममता ना? येईल की. पारुबाई आणेल." आशा हसली. "शेवटी असते ती."

रांग संपली. आशाने हाक मारली, "ममता!"

बायांनी आपापली पोरं पदराखाली ओढली. दारातून एक बाई आत आली. दोन्ही हात छातीशी धरलेले, त्यांत घडी घातलेलं फडकं. तिने ते झोळीत ठेवलं, एक हात मानेखाली द्यावा तसा देऊन, अगदी सावकाश. झोळी जराही ताणली गेली नाही.

रूपालीने फोटोसाठी मोबाइल वर धरला होता. त्यातला पिवळा चौकोन चेहरा शोधत झोळीवर फिरत राहिला.

"हलू नको गं," आशा म्हणाली. ती वाकली. काटा थांबण्याची वाट बघितली. काटा हललाच नव्हता. "अकरा किलो दोनशे. छान."

तिने आकडा लिहिला. कोणी हसलं नाही. एका म्हातारीने झोळीला हलकेच झोका दिला. पारुबाईने फडकं उचललं, खांद्यावर घेतलं, थोपटलं आणि बाहेर पडली.

रेघेतला तो खड्डा रूपालीच्या डोळ्यांसमोर आला. रेघ त्या पावसाळ्यात संपली होती. पुढचं सगळं कोणीतरी ओढत नेलं होतं. आशा एका आईचं मन राखत होती, हे तिला कळलं. पण आता ही रेघ मिटिंगच्या पडद्यावर जाणार होती. आज ना उद्या कोणी तरी येणार, चौकशी होणार, आशाची नोकरी जाणार.

ती धावतच पारुबाईच्या मागे गेली. पारुबाई हातपंपाजवळ थांबली होती. फडकं तिने दांडीवर टाकलं होतं आणि ती तोंड धूत होती.

"मावशी," रूपाली म्हणाली. "तुमची पोरगी... ती आता नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे ना?"

पारुबाईने तिच्याकडे नीट पाहिलं. तिच्या नजरेत वेडाचा लवलेशही नव्हता.

"मला पोरगी नाही, ताई. दोन मुलगे आहेत. मोठे झाले."

"मग ममता?"

पारुबाईने अंगणवाडीकडे पाहिलं. आत आशा झोळी सोडवून घडी करत होती, काहीतरी गुणगुणत.

"ममता आशाची. तापात गेली. मातीला आम्हीच सगळ्या गेलो होतो. पुढच्या महिन्यात वजनाच्या दिवशी आशाने सगळ्यांची नावं घेतली. शेवटी तिचंही घेतलं. आणि दाराकडे बघत उभी राहिली." पारुबाईने ओला हात पदराला पुसला. "खूप वेळ उभी राहिली, ताई. कोणी तरी आणायलाच पाहिजे होती ना."