मुकी ओटभरणी

वैभवने पाठवलेलं कॅमेऱ्याचं कार्ड कॉम्प्युटरला लावलं आणि सुकदेव नेहमीसारखा वैतागला. नव्या कॅमेऱ्यातल्या फाइली त्याच्या जुन्या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला पचत नसत. आधी त्या जुन्या फॉरमॅटमध्ये बदलायच्या, मगच कापाकापी. बदलताना आवाज उडून जायचा, पण त्याची फिकीर डिंडोलीतल्या त्याच्या स्टुडिओत कुणालाच नव्हती. लग्न असो की ओटभरणी, वर गाणी चढवायची आणि मोकळं व्हायचं.

या वेळची ओटभरणी मात्र त्याच्या लेकीची, गायत्रीची होती. गोडादऱ्याला, तिच्या सासरी. बायकांचा कार्यक्रम म्हणून तो गेला नव्हता. बायको रंजना जाऊन आली होती. शूटिंग जावयाने, वैभवनेच केलं होतं.

तिसऱ्या फाइलवर सुकदेवचा हात थांबला.

वैभव कॅमेरा चालूच ठेवून कुठेतरी गेला असावा. समोर स्वयंपाकघर होतं आणि पाटावर गायत्री. मिसरी लावलेलं तोंड पदराने पुसत तिची सासू प्रमिलाबाई आली आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून उभी राहिली. तिने हात वर केला. गायत्रीने झटकन मान आत ओढली आणि दोन्ही हातांनी डोकं झाकलं. प्रमिलाबाईने तिची मनगटं धरली, वाकून काहीतरी बोलली. गायत्री रडायला लागली.

सुकदेवने तो तुकडा मागे नेऊन पुन्हा पाहिला. सातव्या महिन्यातली पोर, आणि तिला हात बघूनच अशी धडकी भरते?

पुढच्या फाइलमध्ये तीच गायत्री केसांत फुलांची वेणी माळून झोपाळ्यावर बसली होती, आणि तीच बाई हसत हसत तिला पेढा भरवत होती. त्या हसण्याची त्याला शिसारी आली. लोकांपुढे पेढे आणि आत हे धंदे!

रंजनाने चहा आणला. नेहमीप्रमाणे टेबलाच्या पलीकडच्या कडेला ठेवला.

"तू तठे व्हतीस ना?" त्याने विचारलं.

"व्हतू."

"मंग गप कशी बसनी?"

"मी गपच बसस," रंजना म्हणाली.

तो ताडकन उठला, तशी ती दोन पावलं मागे सरकली. पण त्याला फक्त फोन हवा होता. समाजाचे पंच बन्सीलालअण्णा भेस्तानला राहत. त्यांना त्याने बोलावून घेतलं. उद्याच गोडादऱ्याला जायचं, पोरीला घरी आणायचं आणि सोयरीक मोडायची, असं त्याने ठरवून टाकलं होतं.

अण्णांनी ते चित्र दोनदा पाहिलं.

"पोर घाबरेल शे, हाई खरं," ते म्हणाले. "पन ती बाई काय बोलनी? आवाज कोठे शे?"

"आवाजनं काय काम, अण्णा? दखास ना समदं! मन्ही पोर शिस्तम्हा वाढेल शे. कोनले उलट बोलत नही. अशी पोरवर हात टाकतस त्या!"

"घर मोडाले निघना तू. पहिले आवाज लाव."

जुन्या कॉम्प्युटरवर मूळ फाइल चालतच नसे. आवाज वेगळा काढून चित्राखाली जोडायला सुकदेवला अर्धा तास लागला. तेवढ्या वेळात त्याने प्रमिलाबाईला मनातल्या मनात नाही नाही ते बोलून घेतलं. असल्या माणसांच्या घरचं पाणीसुद्धा घशाखाली उतरू नये, असं त्याला वाटलं.

"तू बी आयक," त्याने दारातल्या रंजनाला बजावलं आणि आवाज पूर्ण मोठा केला.

रंजना दारातून हलली नाही. तिने फक्त डोळे मिटून घेतले.

भांड्यांचा खडखडाट झाला. बाहेर बायका गाणी म्हणत होत्या. पडद्यावर गायत्रीने डोकं झाकलं, आणि प्रमिलाबाईचा दबका आवाज आला.

"वेनी शे माय, वेनी. हात खाले कर. आठे, या घरम्हा, तुले कोनी मारत नही. ते तुना बापनं घर व्हतं."