बाविसाव्या पानावरची बारव

"ही पायऱ्यांची बारव मी स्वतः उतरून पाहिली," बोंद्रे सर व्यासपीठावरून सांगत होते. शिष्यवृत्ती समितीच्या अध्यक्षबाई कौतुकाने ऐकत होत्या.

मागच्या रांगेत तनुजा गालात हसली. परदेशातल्या अभ्यासदौऱ्याच्या शिष्यवृत्तीच्या यादीतून सरांनी तिचं नाव कापून भाच्याचं घुसडलं होतं. जुन्या विहिरींच्या अभ्याससहलीत सर गुडघ्याचं निमित्त करून तीन दिवस विश्रामगृहात लोळले. वर तिलाच फर्मावलं, "अहवाल तू लिही, नाव माझं टाक."

तिने लिहिला. बाविसाव्या पानावर, जगात कुठेच नसलेली एक बारवही खोदून ठेवली. सरांनी डोळे झाकून सही ठोकली.

आता तिने हात वर केला. "बाई, पुढची सहल त्याच बारवेवर नेऊ या. सर वाट दाखवतील."

"उत्तम! येत्या रविवारीच. अख्खी समिती येईल. बोंद्रे सर, तुम्ही पुढे व्हायचं!"

सरांनी चमकून तिच्याकडे पाहिलं. सहलीला गेलेली सगळी पोरं तोंडावर हात धरून बसली होती.

चहाच्या वेळी तनुजा त्यांच्या पाया पडली.

"सर, रविवारी तेवढा गुडघा दुखू देऊ नका."