बाळंतिणीच्या खोलीतले बटाटे

कळंबच्या बनाबाईनं यंदा बटाटे बाळंतिणीच्या खोलीत ठेवले. लेक प्राची बाळंतपणाला माहेरी आलेली, खिडकीला गोधडी लावलेली. एवढा अंधार घरात दुसरीकडं नव्हता. खाली कोरडी वाळू, मधे कडुलिंबाचा पाला, वर गोणपाट. असे ठेवले की बटाट्याला लवकर कोंब येत नाहीत.

आठ दिवसांतच कोंब आले, आणि सगळेच्या सगळे पाळण्याकडं वाकलेले.

"कुठनं तरी उजेड येत आसंल, आई," प्राची बाजेवरून म्हणाली.

बनाबाईला एकही फट सापडली नाही. तिनं कोंब खुडले, बटाटे उलटेपालटे करून पुन्हा झाकले. चार दिवसांत नवे कोंब पाळण्याकडंच. मग तिनं पाळणा पलीकडच्या भिंतीला सरकवला. दुसऱ्या दिवशी कोंब तिकडं वळलेले.

ओल्या बाळंतिणीला असलं काय सांगायचं? पण आज बटाटे बाहेर काढायचेच, असं ठरवून दुपारचा कारखान्याचा भोंगा झाल्यावर ती पाटी घेऊन आत आली. गोणपाट उचललं.

पाळणा होता तिथंच होता, पण कोंब दाराकडं वळले होते. एकूण एक.

"प्राची, बाळ कुठं हाय गं?"

"पाळण्यात की. आत्ताच निजलंय."

पाळण्यावर दुपटं पांघरलेलं होतं. बनाबाईचा हात काही तिकडं जाईना.

प्राचीनं दोरी ओढली आणि कौतुकानं हसली.

"आज पाळणा किती जड लागतोय बघ, आई. लई बाळसं धरलंय."