अठ्ठेचाळीस

“दाजी, फाटक उघडायला सांगू?”

बंबाच्या ड्रायव्हरने इंजिन चालूच ठेवलं होतं. तारेच्या कुंपणापलीकडे कर्मचाऱ्यांची घरं होती आणि कडेच्या घरातून काळा धूर निघत होता. ते घर दाजींचं. आत त्यांची बायको होती, म्हणजे ड्रायव्हरची सख्खी मोठी बहीण. तिचा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये होता.

दाजी विमानतळाच्या अग्निशमन तुकडीचे प्रमुख. तळ लहान, बंब एकच. प्रवासी घेऊन विमान उतरत असेल तर बंब धावपट्टीजवळ उभा हवा. तो हलला की अशा विमानाला धावपट्टी बंद. हा नियम दाजींनीच सगळ्यांकडून घोकून घेतला होता.

त्यांनी वायरलेसवर टॉवरला विचारलं, काय येतंय आणि किती वेळात.

“अठ्ठेचाळीस येतंय. सात मिनिटं.”

रोजच्या विमानाला सगळे असंच म्हणत. तितक्या खुर्च्या होत्या त्यात. टॉवरवाल्याने सांगितलं की शेजारचा तळ धुक्याने बंद आहे आणि विमानात घिरट्या घालण्याइतकं इंधन नाही. शहरातला बंब निघालाय, पण त्याला अर्धा तास लागेल. मग तो आणखी काही सांगू लागला. आता हा कीव करणार, असं वाटून दाजींनी वायरलेसचा आवाज बारीक केला.

“विमानात अठ्ठेचाळीस जीव आहेत,” ते म्हणाले.

“आणि घरात एकच. बरोबर आहे तुमचं, दाजी.”

मेव्हण्याचा हात गिअरवर होता, पण त्याने गाडी हलवली नाही. एकोणीस वर्षं तो त्यांच्या हाताखाली होता.

दाजींच्या खिशातला फोन वाजला. कुणाचा, ते दोघांनाही माहीत होतं.

“अहो, येताय ना?” ती खोकत होती.

“आलोच. विमान उतरू दे.”

“बरं,” म्हणाली. “उतरू दे मग.”

शेजारी बादल्या घेऊन धावत होते, पण दाराच्या आत कुणाला पाऊल टाकता येत नव्हतं. विमान वेळेवर आलं. चाकं अलगद टेकली. ते वळलं, जागेवर जाऊन थांबलं.

“चल,” दाजी म्हणाले.

दोन मिनिटांत ते घरापाशी पोचले. तोवर छप्पर खाली आलं होतं.

तिला बाहेर आणून चादर घातली. मेव्हणा चाकाला टेकून जमिनीवर बसला. दाजी उभेच होते. थोड्या वेळाने विमानाचा पायलट टोपी हातात घेऊन आला, सोबत त्याचा सहवैमानिक. त्याने हात जोडले.

“किती माणसं उतरली?” दाजींनी विचारलं. त्यांना तो आकडा दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचा होता. मेव्हण्यानेही मान वर केली.

“आम्ही दोघंच,” पायलट म्हणाला. “दुरुस्तीला न्यायचंय म्हणून रिकामं आणलं. वरून धूर दिसला तेव्हा मी याला म्हणालोसुद्धा, बरं झालं आत कुणी नाही, बंबाला तिकडे जाता येईल.”