परग्रहावरचा गंज

दिवसभर लोकांच्या जुन्या भिंती नव्या करणारा रंगारी घरी आला की नव्याचं जुनं करत बसायचा. शाम्पूच्या झाकणांचे घुमट, गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांच्या भिंती आणि चहाच्या गाळणीचा अँटेना जोडून त्याने टेबलभर परग्रहावरचा तळ उभा केला होता. शंभर वर्षं ओसाड पडलेला! त्यासाठी चहाचा चोथा वाळवून, डिंकाने चिकटवून, वर तपकिरी रंगाचे हात मारत त्याने महिनाभर जीव ओतून गंज चढवला होता. रविवारी मित्र त्यावर सोंगट्या मांडून लढाई खेळायला येणार होते.

"बाटली संपायच्या आत झाकण पळवता, आता शाम्पू काय पेल्यात ठेवू?" यापलीकडे बायको त्या तळाबद्दल कधी चकार शब्द बोलली नव्हती.

रविवारी तो मित्रांना आणायला खाली गेला आणि तिला राहवेना. चार माणसं येणार, आणि टेबलाची ही कळा?

तो परतला तेव्हा तळ नुसता लखलखत होता. जुना टूथब्रश हातात घेऊन ती कौतुकाची वाट बघत उभी होती.

"अहो, एकेक झाकण घासलंय. केवढी घाण साठली होती!"

एक मित्र टेबलावर वाकून बघू लागला.

"अरे, हा तळ शंभर वर्षं ओसाड आहे म्हणाला होतास ना?"



"होता ना," रंगारी बायकोकडे बघत म्हणाला, "आजच त्याला मालकीण मिळाली."