सातवा फोन

स्वयंपाकघरात चमचा पडला. तिने यादीवरून नजर काढली नाही. फुटबॉल क्लबची मॅनेजर ती. हंगाम संपला की कुणाला ठेवायचं नाही हे बैठकीत ठरे, आणि त्या खेळाडूंना बाराच्या आत फोन करून कळवणं तिच्याकडे असे. सहा फोन झाले होते. राहिला होता गोलकीपर. त्याचं नाव वगळायला बैठकीत सगळ्यांनी हात वर केले, तेव्हा तिचाही हात वर गेला होता.

"काय मॅनेजरबाई, यंदा कुणाकुणाला नारळ दिलात?" आतून नवऱ्याने विचारलं. "गोलपोस्ट मात्र आमची हं. अजून दोन वर्षं मला कुणी हलवत नाही."

ती उठून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली. तो लेकीची वेणी घालत होता, दातांत रबरबँड धरून हसत होता. ती तशीच मागे फिरली, बेडरूमचं दार लोटलं आणि नंबर लावला.

दार ढकलून लेक आत आली. हातात बाबांचा वाजता फोन, वेणी अर्धवट.

"आई, तुझाच फोन आलाय बाबांना. आपण तर घरातच आहोत ना, मग तू फोन का करतेयस?"