दुहेरी टीप

“पुन्हा उसवली?”

शिंप्याने पिशवी उलटी करून पाहिली. बंद शाबूत होते. तळाची शिवण मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत उघडी.

“सून म्हणाली, आत्ताच्या आत्ता शिवून आणा,” म्हणत गिरणीवाल्या काकू मशीनशेजारच्या स्टुलावर टेकल्या.

शिंप्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने मारलेली टीप गावात कधी कुणाची उसवली नव्हती, आणि ही पिशवी दर आठवड्याला आ वासून समोर! काकूंचा नवरा गेलेला, मुलगा शहरात. घरात सून एकटी मालकीण. म्हातारीला हमाल केलंय तिने, दुसरं काय?

“काय भरता हो एवढं?”

“मी कुठे काय भरते? बाजारहाट सगळा तीच करते.”

घ्या! वर तिलाच पाठीशी घालायचं. नवऱ्यामागे काकू भिंतीकडे तोंड करून पडून असायच्या म्हणे. पहिल्यांदा पिशवी घेऊन आल्या तेव्हा तोंडातून शब्द फुटत नव्हता. आता दोरा ओवेपर्यंत गिरणीतले किस्से सुरू व्हायचे. आज त्यांनी पिठात पडलेल्या उंदरावरून नवऱ्याशी झालेलं भांडण सांगितलं आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर स्वतःच हसल्या. अशा बाईला राबवून घ्यायचं म्हणजे काळीज आहे की दगड?

त्याने बाहेर पाहिलं. गल्लीच्या तोंडाशी सून उभी होती. पहारा देतेय बया!

“काकू, आता ही जन्मात उसवायची नाही,” शिंपी म्हणाला. त्याने चपला शिवायचा जाड दोरा काढला, मोठी सुई लावली आणि दातओठ खात तळाला दुहेरी टीप मारली.

पंधरा दिवस काकू फिरकल्या नाहीत. बरी खोड मोडली, असं शिंपी येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत राहिला.

मग एका दुपारी पिशवी घेऊन सूनच आली. अंगठ्याला चिंधी बांधलेली.

शिंपी ताडकन उठला. “लाज कशी वाटत नाही गं तुला? सासू आहे ती, बैल नव्हे! मुलगा लांब आहे म्हणून विचारणारं कुणी नाही असं वाटलं? सगळं गाव थुंकतंय तुझ्यावर!”

त्याचा दम संपल्यावर तिने पिशवी मशीनवर ठेवली. बंद पूर्वीसारखेच नवे. तळाचा दोरा जागोजागी खरवडलेला, पण तुटलेला नाही.

“मास्तर, पूर्वीसारखी एकेरीच टीप मारत जा,” ती म्हणाली. “या दोऱ्यापुढे माझं ब्लेड चालत नाही, आणि सासूबाई पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडल्यात.”